शनिवारचा भोंगा

ओक्लाहोमातल्या हवामान कार्यालयात वेल्डा टॅकेटने तीस वर्षं रडारच्या पडद्यासमोर काढली. वारा दिसत नाही. पण वाऱ्याबरोबर पळणाऱ्या थेंबांवर आपटून रडारची लहर परत येते. थेंब आपल्याकडे येत असतील तर परतणारी लहर दाटते, दूर जात असतील तर ताणते. पडद्यावर येणारे थेंब हिरवे, जाणारे लाल. हिरवं आणि लाल एकमेकांना खेटून बसलं, की आत वारा गरगरतोय असं समजायचं. नवशिक्यांना ती एवढंच सांगायची आणि कॉफी आणायला पिटाळायची.

मे महिन्यातल्या एका शनिवारी, बाराला चार मिनिटं कमी असताना, असंच एक हिरवं-लाल हार्लन क्रीक या गावाकडे निघालं. तिथे तिचे ब्याऐंशी वर्षांचे वडील ऑर्व्हल एकटेच राहायचे. तिने इशारा दिला, गावात भोंगा वाजला, आणि मग तिचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. दर शनिवारी बाराच्या ठोक्याला त्या भोंग्याची चाचणी होते. गाव त्यावर घड्याळं लावतं आणि जेवायला बसतं.

तिने फोन लावला.

“डॅडी, तळघरात जा. आत्ताच्या आत्ता!”

“अगं, शनिवार आहे ना आज? घड्याळ मागे पडलं होतं, आत्ताच चार मिनिटं पुढे केलं. घेवडा गार होतोय माझा.”

“घड्याळ बरोबर होतं तुमचं! वावटळ येतेय, मोठी, घरं उडवणारी.”

“ओसरीवरून बघून आलो की. नुसता पाऊस आहे.”

“त्या पावसाच्या आतच आहे ती. तुम्हाला नाही दिसायची, मला दिसतेय.”

“तुझं ते यंत्र...”

“डॅडी, तीस वर्षांत कामावरून एकदा तरी फोन केलाय मी तुम्हाला?”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग फोन बंद झाला.

थोड्याच वेळात पडद्यावर हार्लन क्रीकच्या जागी वेगळंच काही उमटलं. ते थेंब नव्हते. उडालेल्या घरांच्या फळ्या होत्या, पत्रे होते. वेल्डाला ते चांगलं ओळखता यायचं. पण खुर्ची सोडून चालणार नव्हतं. तिने पुढच्या गावासाठी इशारा लिहिला आणि खाली जोडलं, ही चाचणी नाही.

पाऊण तासाने कुणाच्या तरी फोनवरून वडिलांचा आवाज आला, “घर गेलं गं पोरी. घेवड्याचं पातेलंसुद्धा.”

वेल्डा सगळ्यांसमोर ढसाढसा रडली.

त्यानंतर ऑर्व्हल सहा वर्षं तिच्याकडे होते. मनगटावरचं ते घड्याळ त्यांनी कधी मागे केलं नाही. कुणी वेळ चुकल्याचं सांगितलं तर खेकसायचे. आता वेल्डा निवृत्त झाली आहे. ते घड्याळ तीच वापरते, आणि सगळीकडे चार मिनिटं आधी पोचते.