न वाजलेली मूठ

ती मूठ अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पोलीस खात्यातली माझी नोकरी फार लांबली नाही. राजीनामा देऊन आता घरी आहे. त्या थोड्या वर्षांत खून, अपघात, भाऊबंदकीच्या मारामाऱ्या सगळं पाहिलं. आठवतं मात्र शाळेतल्या डाळ-तांदळाचं प्रकरण, ज्यात गुन्हासुद्धा दाखल झाला नाही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी उपनिरीक्षक होते. गावात सिस्टर लोकांची एक कॅथलिक शाळा होती. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, म्हणजे उपवासकाळ, तिथे सगळेच पाळत. बहुतेक मुली ख्रिस्ती नव्हत्या, तरी कुणी चॉकलेट सोडायची, कुणी टीव्ही. दर शुक्रवारी प्रत्येकीने घरून मूठभर डाळ किंवा तांदूळ आणून प्रार्थनागृहाच्या ओसरीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. शेवटी ते धान्य वृद्धाश्रमाला जाई. मीही अशाच शाळेत शिकले, त्यामुळे ही पद्धत मला सांगावी लागली नाही.

मुख्याध्यापिका सिस्टरांचा लेखी अर्ज आला तेव्हा मी बाजाराच्या बंदोबस्तावरून नुकतीच परतले होते. डब्यातलं धान्य कोठीतल्या पोत्यांत साठवत, आणि त्या पोत्यांमधलं धान्य कमी होत होतं. सिस्टरांना तक्रार करायची नव्हती, पण पालक समिती हट्ट धरून बसली होती. अर्ज चौकशीसाठी माझ्याकडे दिला गेला. दुसऱ्याच दिवशी शाळेसमोरच्या किराणा दुकानदाराचा ठाण्यात फोन आला. शाळेची मावशी दुपारी मागच्या फाटकातून झाडूच्या टोपलीत काहीतरी झाकून नेते, असं त्याने सांगितलं. कोठीची किल्लीही मावशींकडेच असायची.

मावशींना ठाण्यात बोलावलं. पन्नाशी ओलांडलेली, वाळकी बाई. त्या शाळेत तिची वीस वर्षं झाडलोट करण्यात गेली होती. महिला शिपाई शेजारी बसली, मी जबाबाचा कागद पुढे ओढला. हवालदारांनी चहा सांगितला.

"मले नको. चाळीस दिवस सोडला हाय," मावशी म्हणाल्या.

"ख्रिश्चन हाय का तुमी?" हवालदारांनी विचारलं.

"नाही, बौद्ध हावो. पोरी सोडतात, मंग आपुन काऊन नाही सोडायचं?"

"वा! चहा सोडला, डाळ काई सोडली नाही!" हवालदार हसले. मावशी हसल्या नाहीत.

"डाळ तुम्ही नेली?" मी विचारलं.

"हाव. नेली."

"कुणाला दिली?"

"ते नाही सांगत."

"विकली का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला कागदात डोकं घालावं लागलं. पुढे तासभर तेच चाललं. मी समजावलं की गुन्हा दाखल झाला तर नोकरी जाईल, सोमवारी समितीची बैठक आहे. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या मंग." खोटं बोलणारा माणूस बहुधा जास्त बोलतो, हे मी तोवर शिकले होते. ही बाई कुणाला तरी पाठीशी घालत होती. सूचनापत्र देऊन मी त्यांना घरी पाठवलं.

शुक्रवारी कोठी बघायला शाळेत गेले. प्रार्थना संपून मुली डब्यापाशी रांगेत उभ्या होत्या. मला बोलायला फारसं कधी जमलं नाही, पण बघत उभं राहायला जमतं. मूठ उघडली की पत्र्यावर दाणे वाजत. प्रत्येक मुलीमागे तो आवाज येई. सातवीतली एक मुलगी पुढे आली. केस नीट विंचरलेले, बूट पॉलिश केलेले. तिने मूठ डब्यात खोल नेली, उघडली, हात जोडले आणि पुढे गेली.

आवाज आलाच नाही.

ओसरीच्या टोकाला मावशी झाडत होत्या. त्यांची नजर त्याच मुलीवर होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि झाडू थांबवला. मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण जबाबाशिवाय अर्ज निकाली निघत नाही, म्हणून वर्गशिक्षिकेकडून पत्ता घेतला आणि पोलिसांची गाडी सरळ मुलीच्या दारात नेली. गल्ली अरुंद होती. गाडी उभी राहताच शेजारची दारं उघडली. मुलीच्या आईने मला आत ओढून घेत दार लोटलं.

घरातला कर्ता माणूस अपघातानंतर अंथरुणाला खिळला होता. आधीची सलग तीन वर्षं वृद्धाश्रमासाठी धान्याच्या पुड्या बांधायला हीच बाई शाळेत जात असे.

"मी मागितलं नव्हतं, मॅडम," ती म्हणाली. "मावशींनी पोरीचा जेवणाचा डबा रिकामा पाहिला. त्यांना एकच सांगितलं होतं, की कोणाला कळू देऊ नका."

जबाबावर सही करताना तिचं लक्ष दाराकडेच होतं.

शनिवारी जबाब वाचून सिस्टरांनी अर्ज मागे घेतला. मावशींना जवळ बसवून त्या म्हणाल्या, "मला सांगायचं ना, मी स्वतः दिलं असतं."

"तुमीच तं दर साली पोरींना सांगता, सिस्टर. देल्लेलं कोनाले सांगायचं नाही."

"पण ते तुमचं नव्हतं, मावशी."

"माह्यं असतं तं तेच देल्लं असतं."

मावशींची नोकरी वाचली. मी स्टेशन डायरीत 'अर्ज निकाली' अशी नोंद केली. वरिष्ठांनी शाबासकी दिली.

ईस्टरनंतर त्या मुलीच्या आईने शाळेचा दाखला काढून नेला. गल्लीत कुणी काय विचारलं असेल, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

उन्हाळ्यात एकदा मावशी बसस्टँडवर भेटल्या. मी चहा विचारला, त्यांनी घेतला. माझं काम मी नियमाने केलं होतं, हे मी त्यांना सांगणार होते.

कप ठेवून त्या उठल्या. आवाजात राग नव्हता.

"गाडी तेवढी लांब उभी करा लागत होती, मॅडम."

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत कुणाच्याही घरी चौकशीला जाताना मी गाडी कोपऱ्यावर थांबवायची आणि चालत जायची.