कोपरच्या खारीतलं तहानलेलं इंजिन

आधी ठकूआत्यांचं नाव लिहितो, मग बाकीचं. कोपर गावच्या नामा पाटलांच्या या थोरल्या विधवा बहीण. त्या दिवशी त्या माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या नसत्या, तर मी हे कल्याणच्या कोठडीतून लिहिलं असतं... तिथं कोण लिहू देतंय म्हणा!

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी देशावरचा, माणदेशातला. मराठी तिसरीतून शाळा सुटली, मुंबईच्या गिरणीत कोळसा ओढता ओढता बॉयलर सांभाळायला शिकलो. विस्तव, पाणी आणि वाफ, यापलीकडे चौथं काही मानलं नाही. वाचून हसू आलं तर हसा. मीही हसलो असतो.

पाटलांची खाडीकाठी मिठागरं आणि खारीतली, म्हणजे बांध घालून खाडीकडून मिळवलेली भातजमीन. मिठाच्या गाड्या बंदरावर ओढून न्यायला त्यांनी विलायती इंजिन घेतलं – चाकांवरचं, वाफेवर आपलं आपण चालणारं. पडावातून, मालाच्या मोठ्या होडीतून, उतरलं तेव्हा अख्खा गाव काठावर. पाटलांनी नारळ फोडला, धुराड्याला झेंडूचा हार घातला, आणि इंजिनाबरोबर मलाही ठेवून घेतलं.

दुसऱ्याच दिवसापासून पाणी नाहीसं व्हायला लागलं.

खारीतलं मचूळ पाणी बॉयलरला चालत नाही, म्हणून लांब वरच्या विहिरीवरून बाया डोक्यावर गोडं पाणी आणायच्या, त्यांत ठकूआत्याही. सकाळी मी बॉयलर भरायचो. पाणी किती आहे ते बाहेरच्या काचेच्या नळीत दिसतं. दुपारी भाकरी खाऊन यावं, तर नळी कोरडी! कोरड्या बॉयलरखाली विस्तव राहिला तर तो फुटतो, माणसांच्या चिंध्या होतात. म्हणून मी धावत जाऊन निखारे बाहेर ओढायचो. हात भाजून निघाले.

माझा संशय गाडीवाल्यांवर. इंजिन चाललं तर त्यांच्या बैलांना काम कुठलं? त्यांचा म्होरक्या पांडू रोज बांधावर बसून दात काढायचा.

"काय रं देशकर, तुजा रेडा सगला पानी प्याला? मुततं तरी कवा?"

सगळे खिदळायचे. मी त्याच्या पायांकडे बघायचो – चिखल लागलाय का, धोतर ओलं आहे का. काही नसायचं. रात्री मी इंजिनापाशीच निजायला लागलो. तोट्यांना दोरे बांधले. दोरे जसेच्या तसे, पाणी मात्र गायब.

मग पाटलांनी मुंबईहून मिस्त्री आणवला. त्यानं हातोडीनं सगळीकडे ठोकून बघितलं आणि जाताना म्हणाला, "बॉयलर नवा कोरा आहे, पाटील. माणूस तपासा."

झालं! पाटलांची नजरच फिरली. "गारीवाल्यांनी तुला फितवला काय? उद्या पानी गेला तं तुला फौजदाराचे हवाली करतो." परक्या मुलखात मला ओळखणारं कोण? पकडून नेलं असतं तर गावी आईला कळवायलाही कुणी नव्हतं.

तेव्हा ठकूआत्या मागून म्हणाल्या, "नाम्या, उद्या मी बसते त्याचे बाजूला. पोर खोटा निघाला तं मना पन ने फौजदाराकरं."

दुसऱ्या दिवशी बॉयलर भरला, पण पाणी वाफ होऊन जायला नको म्हणून विस्तव पेटवलाच नाही. पाटलांनी स्वतः तोट्यांवर लाख ओतली. मी इंजिनाखाली चुलीतली राख पसरली, म्हणजे थेंब पडला तरी दिसावा. आम्ही खाडीकाठच्या रानभेंडीच्या डेरेदार झाडाखाली बसलो. पांडूलाही पाटलांनी समोरच बसवलं होतं.

ऊन माथ्यावर आलं, आणि नळीतलं पाणी हललं.

खाली जायला लागलं. एकदम नाही... घोट घ्यावा, थांबावं, पुन्हा घोट. आतून आवाजही तसाच, तहानलेलं जनावर दगडी डोणीत तोंड घालून पितं तसा. मी रांगत इंजिनाखाली गेलो. राख कोरडी, लाख साबूत. पांडूचं हसू मावळलं होतं.

आत्या मात्र उठल्या. "नाम्या, याला घरात घेतला कसा?"

"नारल फोरला, हार घातला. तू होतीस ना?"

"आन पाय?"

"लोखंडाला कसले पाय, बाय?"

इकडची रीत अशी – बाजारातून नवा बैल आणला की घरची बाई दारात त्याच्या पायांवर पाणी घालते, कुंकू लावते, पुढ्यात मूठभर तांदूळ धरते. मग तो घरचा. पाटलांनी इंजिनाची पूजा केली होती ती दसऱ्याला कोयत्या-विळ्याची करतात तशी, अवजार म्हणून.

"वढतो ना गारी? मंग बैलच तो," आत्या म्हणाल्या. "परका ठेवलाव त्याला. या पोरासारका."

त्यांनी हंड्यातलं गोडं पाणी चारही चाकांवर ओतलं, कुंकू लावलं, तांदूळ धरले. आणि लिहितानाही माझ्या अंगावर काटा येतो – ते पाणी खालच्या राखेत उतरलंच नाही. चाकं थंडगार होती, मी हात लावून पाहिला. तरी तापल्या तव्यावर पडल्यासारखं पाणी जिरून गेलं.

बॉयलर पुन्हा भरला. संध्याकाळपर्यंत नळीतलं पाणी तसूभर हललं नाही. त्यानंतर कधीच हललं नाही. त्या रात्री पाटलांनी मला जेवायला ओटीवरून घरात बोलावलं.

पांडूकडे मी अजून तिरक्या नजरेनं बघतो. त्यानं काहीतरी केलं असेल, असं मनाला सांगतो... पण काय केलं, कसं केलं, ते मला आजवर सांगता आलेलं नाही. वाचकांपैकी कुणाला सुचलं तर जरूर कळवावं.

ठकूआत्या अजून त्या लांबच्या विहिरीवरून डोक्यावर हंडा आणतात. मी पंपाचं काम शिकतोय. एक दिवस त्या विहिरीवर पंप बसवून गोडं पाणी त्यांच्या दारात आणून सोडीन. आणि चालू करण्याआधी त्याच्या पायावर पाणी घालायला त्यांनाच बोलावीन.