चंदेरी पट्टीची साक्ष

शुचिता हा शब्द आपण फार स्वस्त करून टाकला आहे. अंगण झाडले, भांडे लखलखले, वस्त्र शुभ्र झाले, की आपण समाधान पावतो. परंतु डोळ्यांना दिसते तेवढेच धुणे ही केवळ सफाई होय. जिथे दृष्टी पोचत नाही आणि ज्याचा जाब कधी कोणी विचारणार नाही, तिथल्या मळाची चिंता वाहणे ही शुचिता. ती ज्यांच्या ठायी वसते, त्यांना बहुधा तिचे नावही ठाऊक नसते. सखुबाई नाखवा यांना ते ठाऊक नव्हते.

माहुलच्या कोळीवाड्यातल्या सखुबाई घाटकोपरच्या एका लहान नेत्ररुग्णालयात सव्वीस वर्षे शस्त्रक्रियेची उपकरणे धूत आल्या. त्यांच्या खोलीत एक पोलादी टाकी होती. चालू केली की ती बारीक गुणगुणे. तिच्या तळाखालच्या चकत्या सेकंदाला चाळीस हजार वेळा थरथरतात. त्यांचा खरा नाद मनुष्याच्या कानापलीकडचा. त्या कंपनाने पाणी क्षणात ताणले जाते, क्षणात दाबले जाते. ताणले की त्यात अदृश्य बुडबुडे उमलतात. दाबले की ते आत कोसळतात, आणि प्रत्येक कोसळण्यासरशी पाण्याची सूक्ष्म धार लगतच्या मळावर आदळते. ब्रशाचा केस शिरणार नाही अशा नळीच्या पोटातही ही धार पोचते.

यंत्र बसवायला अंधेरीहून आलेल्या अंबादास नावाच्या तंत्रज्ञाने त्यांना बजावले होते, "बाई, गुणगुणीवर भरवसा ठेवू नका. रोज सकाळी फॉइलची पट्टी बुडवा. भोकं पडली, तर पाणी काम करतंय." पोळ्या गुंडाळायचीच ती चंदेरी पट्टी. बुडबुड्यांच्या माऱ्याने तिची चाळण होई. सखुबाईंनी ही साक्ष घेतल्यावाचून एकही चिमटा धुतला नाही.

नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मात्र पट्टी कोरी निघाली. टाकी नेहमीसारखीच गुणगुणत होती.

"अबोली," त्यांनी आदल्या दिवशी आपल्या जागी काम केलेल्या परिचारिकेला विचारले, "काल पट्टी टाकलीस?"

"राहिली गं मावशी. दहा ऑपरेशनं होती. मशीन तर चालू होतं ना!"

सखुबाईंनी टोपली उचलून पाणी सोडून दिले. तळाशी मऊ रबरी चटई होती. ती त्यांनी स्वतःच अंथरली होती. रजेवर जाताना, नव्या हातांनी नाजूक टोके तळावर आपटून बोथट होऊ नयेत, म्हणून; केवळ मायेने. त्या मायेनेच कंपन गिळून टाकले होते.

त्यांनी चटई काढली, ताजे पाणी भरले. ताज्या पाण्यात हवा मुरलेली असते आणि ती बुडबुड्यांचा मार बोथट करते; म्हणून टाकी दहा मिनिटे तशीच चालवावी लागते. ती दहा मिनिटे सखुबाईंना सरता सरेनात. पलीकडच्या खोलीत पहिला रुग्ण टेबलावर घेतला गेला होता. तो त्यांच्याच कोळीवाड्यातला हरेश्वर तांडेल. त्याचा उजवा डोळा तरुणपणीच मासे धरायचा गळ लागून गेला होता, आणि उरलेल्या डाव्यावर मोतीबिंदू होता. तीन वर्षे तो शस्त्रक्रिया टाळत आला. "सखू हाय ना तिथं" एवढ्याच भरवशावर तो आला होता.

पट्टी बुडवली. काढली. चाळण झालेली होती. म्हणजे दोष चटईचाच.

"झालं तर!" अबोली हळूच म्हणाली. "कालची हत्यारं पाकिटात भरून वाफेतून काढलीत. कुणाला कळणार नाही मावशी. निवृत्तीला तुझे सहाच महिने राहिलेत, कशाला ओढवून घेतेस?"

"वाफेनं जंतू मरतात गं. मेलेले आतच राहतात, त्यांनीही डोळा जातो."

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी त्या पोचल्या, तेव्हा डॉक्टर शर्मिष्ठा यांच्या हातात भूल देण्याची सुई होती.

"मॅडम, थांबा. कालची पाकिटं वापरू नका."

"सखुबाई, वेळ काय, तुम्ही बोलता काय! निर्जंतुक झाल्याची खूण आहे पाकिटावर."

"खूण वाफेची आहे. धुणं झालेलंच नाही. टाकीत चटई राहिली होती. मीच ठेवली होती."

मग टेबलावरून आवाज आला, "सखू, माझा डोळा उघडायच्या आधीच भांडान काढलंस काय गं?"

"गप पडून रहा दादा!"

डॉक्टरांनी सुई बाजूला ठेवून एक पाकीट फोडले. आतल्या नळीला पिचकारी जोडून काळ्या कागदावर शुद्ध पाणी सोडले. पाणी स्वच्छ. दुसरे पाकीट. स्वच्छ. त्यांनी सखुबाईंकडे पाहिले. त्या नजरेत राग होता.

"अजून एक बघा मॅडम," सखुबाई म्हणाल्या.

तिसऱ्या नळीतून पाण्यासोबत एक पांढुरकी कपची कागदावर उतरली. कालच्या कोणा रुग्णाच्या डोळ्यातला तो वाळलेला अंश. राईच्या दाण्याहून लहान. डॉक्टर शर्मिष्ठा यांनी ती उजेडात निरखली. मग त्यांनी पिचकारी खाली ठेवली. "सगळी पाकिटं परत न्या. आणि काल ज्यांची ऑपरेशनं ह्या टाकीतल्या सामानाने झाली, त्यांना आजच तपासायला बोलवा."

बाकीच्यांना आधी धुतलेली उपकरणे पुरली होती; कालचे शेवटचे दोघे तेवढे निघाले. त्या दोघांचे डोळे शाबूत आहेत हे संध्याकाळी कळेपर्यंत सखुबाईंनी घोटभर चहाही घेतला नाही. हरेश्वरची शस्त्रक्रिया अडीच तास उशिरा झाली. "भरतीसुद्धा तुझ्यापेक्षा वेळेवर येते," असे तो कुरकुरला. त्या दिवसाच्या नोंदवहीत सखुबाईंनी आपल्या वळणदार नसलेल्या अक्षरात लिहिले: चटई मी ठेवली. चूक माझी.

सहा महिन्यांनी त्या निवृत्त झाल्या आणि गेल्या माघात वारल्या. हरेश्वर अजून जाळी विणतो. टाकीच्या खोलीत अबोली रोज सकाळी चंदेरी पट्टी बुडवते, उजेडाला धरून पाहते, आणि मगच पहिली टोपली पाण्यात सोडते.