उसवलेलं आणि विरलेलं

आमच्या गल्लीतले शिंपीमास्तर माणसाकडे बघत नसत, मापाकडे बघत. लग्नाआधी वहिनींना बघायला गेले, तेव्हाचा त्यांचा चेहरा मास्तरांना आठवत नाही. डावा खांदा जरा उतरता होता, हे मात्र पक्कं आठवतं. वहिनींनी ते आजवर माफ केलेलं नाही.

रक्तदाबाची गोळी मास्तर मनात आलं तर घेत. दुखत काहीच नव्हतं. पाय सुजले आणि जेवणाची चव गेली, तोवर दोन्ही किडन्यांनी दुकान बंद केलं होतं. मानेतल्या नळीवर डायलिसिस सुरू झालं. ही नळी तात्पुरती, कायमसाठी हातातल्या रक्तवाहिन्या ऑपरेशनने जोडून घ्या, असं डॉक्टर सांगत. मास्तर म्हणत, चार दिवसांच्या पाहुण्याला कशाला हवी नवी खोली.

त्यांना हा धीर शेजारच्या खुर्चीवरच्या ड्रायव्हरमुळे आला होता. उलट्या-जुलाबांनी त्याच्या अंगातलं पाणी गेलं आणि किडन्या एकदम थांबल्या. तोही मशीनवर आला. पण काही आठवड्यांनी त्याला पुन्हा लघवी होऊ लागली, आणि मुलगा झाल्यासारखी बातमी त्याने वॉर्डभर सांगितली. वजन उतरलं, मानेतली नळी निघाली, गडी घरी गेला.

मास्तरांनी त्यातलं एवढंच उचललं: वजन उतरलं की सुटका.

तिथल्या मोठ्या सिस्टरांना सगळे 'काटेवाल्या' म्हणत. दर वेळी आधी वजन. जितकं वाढलं तितकं अंगात साठलेलं पाणी, आणि मशीन तेवढंच काढणार. मास्तर पूर्वी जाड कोट घालून, खिशात कात्री घेऊनच काट्यावर चढत. आता कात्री गेली, कोट गेला. मग त्यांनी खास काट्यासाठी कपडे शिवले: खिसे नाहीत, कॉलर नाही, कापड असं की फुंकरीने उडावं. काटा उतरू लागला. काटेवाल्यांनी शाबासकी दिली. पाणी मात्र आतच साठत राहिलं.

एका सकाळी मास्तरांना आडवं होता येईना, श्वास पुरेना. वहिनींनी त्यांना बसवूनच आणलं. सिस्टरांनी पायावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला. मग त्यांनी सदऱ्याचं टोक चिमटीत धरलं.

"मास्तर, कोट कुठाय?"

"घरी, खुंटीवर," वहिनी म्हणाल्या. "जन्मभर गिऱ्हाइकांना फसवलं नाही, ते आता काट्याला फसवायला निघालेत."

मशीनने पाणी ओढलं, हळूहळू श्वास मोकळा झाला. तेव्हा मास्तरांनी विचारलं, "ड्रायव्हरचं परत आलं. माझं कधी?"

सिस्टर स्टूल ओढून बसल्या. "त्याच्या किडन्यांवर अचानक घाव बसला आणि त्या सावरल्या. तुमच्या वर्षानुवर्षं झिजत गेल्या, मास्तर. त्या आता परत यायच्या नाहीत."

मास्तरांनी चादरीची किनार बोटांनी चाचपली.

"म्हणजे त्याचं उसवलं होतं," ते म्हणाले. "माझं विरलंय. विरलेल्या कापडावर टाका धरत नाही."

"नाही धरत. पण मशीन आहे, आम्ही आहोत."

वहिनी खिडकीकडे बघू लागल्या. मास्तरांनी डावी बाही वर सारली, मनगटापासून कोपरापर्यंत नजरेनेच माप घेतलं.

"हा घ्या. उजव्याने कात्री चालते. आणि डॉक्टरांना सांगा, टाके बारीक घालायचे."

पुढच्या खेपेला ते कोट घालून आले. काट्यापाशी तो सिस्टरांसमोर उतरवला, यापुढे दर वेळी असंच मोजा म्हणत वहिनींच्या हाती दिला आणि मग वर चढले.