बॅट बाटते म्हणे!

टॉवेलच्या कारखान्यातून घरी आलं की केसात, पदरात सुताची लव निघते. कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी तेवढीच! आमच्या घरात यल्लूबाच्या गोष्टींचं तसंच आहे. यल्लूबा म्हणजे माझ्या नवऱ्याचा पणजा, गोऱ्या सायबाच्या काळातला क्रिकेटवाला. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. आणि मला खोड वाईट, ऐकलं की खोदायचं.

यंदा तर खोदणं भागच होतं. वस्तीतल्या जयंतीच्या टुर्नामेंटला नवा कप आलाय. मी म्हटलं, त्याच्यावर यल्लूबाचं नाव टाका. मंडळाचा अध्यक्ष पप्या म्हणतो, "काकू, नगरसेवकाच्या वडलांचं टाकायचं ठरलंय. आन् यल्लूबा प्लेअर होता कशावरनं?"

कशावरनं? थांब मेल्या!

*

यल्लूबाची नात, आमच्या चंद्राआत्या, अजून खणखणीत आहेत. त्या सांगतात, होटगीला रेल्वेचा सायेब प्रॅक्टिस करायचा आणि रेल्वेतच खलाशीकाम करणाऱ्या यल्लूबाला बॉल टाकायला उभं करायचा. पहिल्याच बॉलला सायबाची दांडी गुल!

"हळू टाक," सायेब म्हणाला. हळू टाकला. दांडी गुल.

"अजून हळू!" परत गुल.

शेवटी सायेब ओरडला, "जोरात टाक बाबा! बॉल दिसलाच नाही असं सांगता तरी येईल!"

*

त्याच सायबानं त्याला शहरातल्या देशी लोकांच्या टीममध्ये घ्यायला लावलं. कॅप्टन मोठ्या घरचा. त्यानं अट घातली, बॉलिंग कर, पण बॅटला हात लावायचा नाही. बॅट बाटते!

मी आत्यांना विचारलं, "मग बॉल कसा बाटत नव्हता हो?"

"बॉल लांब जातोय की! बॅट हातात ऱ्हाती."

यल्लूबानंही कॅप्टनला गाठलंच. "मालक, म्या काढलेल्या विकेटी बाटल्या न्हाईत का? बाटल्या असतील तर त्यास्नी परत खेळाया बोलवू?"

कॅप्टनला एकदम तहान लागली! गेला पाणी प्यायला.

*

सायबानं एकदा बूट दिले. ते घालून यल्लूबा बॉल टाकायला धावला, तो थेट अंपायरच्या अंगावर! उठला, बूट काढून गळ्यात अडकवले आणि पुढच्याच बॉलला विकेट.

सायेब म्हणाला, "बूट का काढले?"

"इंग्रजी बूट हाईत सायेब. पायास्नी त्यांची भाषा कळंना!"

*

त्याला स्वतःला इंग्रजी एकच येत होतं. हाऊज्याट! भाकरी करपली की ताटावरून ओरडायचा, "हाऊज्याट!"

बायको चुलीपासून न उठता बोट वर करायची. "औट! जावा भाईर, उपाशी!"

*

रविवारी मंडळाची मीटिंग. आत्यांना रिक्षात घालून मी घेऊन गेले. पप्या खुर्चीवर पाय पसरून बसलेला.

"आत्या, बॉलिंगचं ऱ्हाऊ द्या. एक तरी रन काढला का त्यानं?"

आत्यांनी पदर सारखा केला.

"आईक. सायबांच्या टीमबरूबर मॅच. आमचे नऊ जण औट झालते. जिंकाया एक रन पायजे. हिकडं कॅप्टन, तिकडं यल्लूबा. आन् बॅट कोण देतोय! ह्यो गडी बायकोचं धुणं बडवायचं लाकूड घिऊन आला की पिचवर!"

पोरं हसली.

"अंपायर म्हणला, ही बॅट न्हाय. ह्यो म्हणला, 'न्हाय न्हवं? मग बाटायची भीती न्हाय. टाका!' बॉल आला, असा हाणला, पार रुळाकडं! कॅप्टन पळत सुटला, 'पळ यल्ल्या, पळ!' यल्लूबा जाग्यावर! लाकूड खाली ठिवलं, हात फुडं केला. 'मालक, तुमची बॅट द्या. मग पळतो.' कॅप्टन पिचच्या मधोमध. तिकडं गोऱ्यानं बॉल उचलला..."

आत्या थांबल्या.

पप्याचे पाय कधीच खाली आले होते. "मग? दिली का बॅट?"

आत्या म्हणाल्या, "आदी कपावर नाव लिव्ह. मग सांगते."