उतारावरचं पाणी

चंदीगडच्या घरासमोर मी गाडीसाठी फुटपाथवरून उतार बांधला आणि पालिकेकडे मंजुरी मागितली. तपासायला आलेल्या वयस्कर सरदारजींनी आधी पाणी मागितलं. मी ट्रेमधून ग्लास आणला. त्यांनी तो सरळ उतारावर ओतला आणि उकिडवे बसून बघत राहिले. पाणी शेजाऱ्यांच्या फाटकाकडे गेलं.

"आपका पानी पडोसी के घर जा रहा है जी," ते स्वतःच ओशाळून म्हणाले. मंजुरी नाही मिळाली. माझा पारा चढला, पण उतार फोडून नवा केला.

ते परत आले तेव्हा मी दोन ग्लास आणले. पहिल्याचं पाणी रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीत गेलं. दुसरा पिऊन त्यांनी सही केली.

अजूनही पावसाळ्याआधी मी दोन ग्लास घेऊन फाटकाशी जातो. एक उतारावर ओततो. दुसरा हातात धरून उगाच रस्त्याकडे बघत राहतो.