गाडी येण्याआधी नासलेली विहीर

नोकरीतली बहुतेक प्रकरणं मी निवृत्तीच्या दिवशी टेबलावर ठेवून आलो. एक मात्र माझ्याबरोबर घरी आलं आणि अजून गेलेलं नाही. उन्हाळ्यात कुणी पाणी मागितलं की ते आजही आठवतं.

हैदराबाद संस्थानाचा तो शेवटचा उन्हाळा. मी परतूरच्या ठाण्यात अमीन होतो, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. हद्दीपलीकडे हिंदुस्थान स्वतंत्र झाला होता आणि तिथे दंग्यांमागून दंगे चालले होते. वऱ्हाडाकडून घरंदारं टाकून निघालेली मुसलमान कुटुंबं रेल्वेने परतूरला उतरतील, त्यांची सोय करा, असा हुकूम आला. किती येतील ते हुकुमात नव्हतं. दोनशे धरा की दोन हजार, वरच्यांना दोन्ही सारखेच. विपरीत असं की त्याच दिवसांत आमच्याकडची कितीतरी हिंदू कुटुंबं जिवाच्या भीतीने संस्थान सोडून उलट्या दिशेने पळत होती. हद्दीच्या दोन्ही बाजूंना माणसं गाठोडी बांधत होती.

कापसाचा हंगाम संपलेला, त्यामुळे स्टेशनजवळच्या जिनिंगचं आवार रिकामं होतं. तिथे तट्टे उभे केले, चुली घातल्या, संडासाचे चर खणले, ज्वारीची पोती आणून टाकली. सगळं अडलं ते पाण्यापाशी. जिनिंगची विहीर चैत्रातच कोरडी पडली होती. लगतच्या मळ्यात मात्र पायऱ्यांची, जिवंत झऱ्याची एक विहीर होती. सरकारने ती ताब्यात घेतली.

विहिरीचा मालक पंचक्रोशीत मान असलेला म्हातारा. त्याला सगळे आबा म्हणत. मुंग्यांच्या वारुळावर साखर टाकणारा, दारातल्या बैराग्याला उपाशी न पाठवणारा. ताबा घ्यायला गेलो तेव्हा त्याने एक शब्द उलट काढला नाही. गावात मात्र कुजबुज होती की येणारे लोक आधी पाणी घेणार, मग जमिनी घेणार. माझ्यासारख्या हिंदू अमिनाची गत मृदंगासारखी झाली होती, थाप दोन्हीकडून. गावाला मी सरकारचा वाटत होतो आणि सरकारला गावाचा.

गाडीला दोनच दिवस राहिले असताना, सकाळची हजेरी चालू होती तेव्हा जिनिंगचा रखवालदार धापा टाकत ठाण्यात आला. विहिरीला घाण सुटली होती. जाऊन पाहिलं तर पाण्यावर म्हशीचं मेलेलं रेडकू, फुगून वर आलेलं. बघ्यांची गर्दी झाली होती. आबा मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, की रेडकू कुणाचं ते गावाला माहीत आहे, दोन दिवसांमागे मेलं, आणि ते ओढून नेणाराही गावाला माहीत आहे.

ओढून नेणारा म्हणजे गावकुसाबाहेर राहणारा एक मध्यमवयीन माणूस. गावची मेलेली जनावरं उचलणं हे त्याच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या आलेलं काम. मेलेलं जनावर म्हटलं की गावाचं बोट आपोआप त्याच्याकडे वळायचं. गावाने त्याला पकडून ठाण्यात आणून दिलं. त्याच दुपारी जालन्याहून आमचे वरिष्ठ आले. त्यांनी सांगितलं, हा घातपात आहे, आरोपीला उद्या औरंगाबादला रवाना करा. सरकारविरुद्ध घातपाताच्या नावाखाली त्या दिवसांत औरंगाबादला गेलेली माणसं परत यायची खात्री नसे. त्याच्या बायकोला हे कुणी सांगायची गरज पडली नाही. ती ठाण्याच्या दाराशी पदर तोंडात धरून बसली ती उठली नाही.

मी त्याला समोर बसवलं. चौकशीत माझा एक अनुभव आहे. खोटं बोलणारा उत्तरं आधीच तयार ठेवतो; खरं बोलणाऱ्याला उत्तर शोधावं लागतं, आणि मध्येच रागही येतो. हा चिडला.

"साहेब, रेडकू मीच वढ्याच्या पल्याड नेऊन टाकल्तं. दुसऱ्या दिवशी कातडं काढाया गेल्तो, तर जाग्यावर न्हाई. कुत्री येवढं थोर धूड नेतेत व्हय? त्या हिरीची पायरी मी जल्मात पाह्यली न्हाई. आमाला तिथं कोण जाऊ देतं?"

कातड्याचा विषय निघाला आणि मी थांबलो. विहिरीतल्या रेडकाचं कातडं जागेवर होतं. कातडं हीच याची कमाई. घातपात करायचाच असता, तर आधी कातडं सोलून मगच याने धूड टाकलं असतं. स्वतःच्या पोटावर पाय देऊन कुणी सरकारशी वैर करत नाही. मी हे वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, "मग दुसरा आणून दाखवा. सकाळपर्यंत वेळ आहे."

उन्हं उतरायला लागली होती. मी परत विहिरीवर गेलो. गळ टाकून धूड ओढण्याचा खटाटोप चालला होता, पण आत उतरायला कुणी तयार नव्हतं. आबा आंब्याखाली बसून होता. आमच्या गावच्या विहिरीत पाणी स्वच्छ राहावं म्हणून कासव सोडलेलं असे. त्या आठवणीनेच मी सहज विचारलं, इथे कासव आहे का? तर चारपाच जण एकदमच बोलू लागले. आहे म्हणजे काय, आबाच्या वडिलांनी सोडलेलं, केवढं थोरलं, आबाच्या हातची भाकरी खायला खालच्या पायरीपर्यंत येतं. नासलेल्या पाण्यात कासव श्वासाला वर येणारच, किंवा मरून तरंगणार. पाण्यावर दोन्ही नव्हतं.

मी आबाकडे पाहिलं. सकाळपासून तो माझ्याशी कितीदा तरी बोलला होता. रेडकाबद्दल बोलला, आरोपीबद्दल बोलला, पाण्याबद्दल हळहळला. बापाने सोडलेल्या कासवाचं काय झालं, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. ज्याची काळजी मिटलेली असते, तोच विचारत नाही.

जमादाराला घेऊन मी थेट त्याच्या गोठ्यात गेलो. जनावरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीवर ओलं गोणपाट झाकलेलं होतं. आबा मागून येऊन दारातच थांबला. मी गोणपाट काढलं. कासव डोणीच्या कोपऱ्यात मान आत घेऊन बसलं होतं, बाजूला भाकरीचे भिजलेले तुकडे.

म्हातारा भिंतीला टेकून खाली बसला. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "ते मुकं जनावर हाय साहेब. त्याला मरू द्यायचं व्हय? त्याचा काय गुन्हा?"

"आणि कोठडीत बसलाय त्याचा काय गुन्हा, आबा?"

मी थांबलो. उत्तर तो खरोखरच शोधत होता, आणि त्याला ते सापडत नव्हतं.

मग त्याने सगळं सांगितलं. "लोक एकदा बसले की उठत न्हाईत, साहेब. आज पाणी, उद्या जमीन. हीर नासली की सरकार त्यास्नी दुसरीकडं न्हेईल, असं वाटलं." कासव काढून आणलं, मग दोघा मुलांना घेऊन ओढ्यापलीकडून रेडकू आणलं. नाव कुणाचं घ्यायचं याचा विचारही करावा लागला नाही, म्हणाला. ते आपसूक तोंडात आलं. मला त्या म्हाताऱ्याचा संताप आला, आणि कीवही आली. मी पंचनामा केला, तिघांना ताब्यात घेतलं आणि कोठडीतल्या माणसाला त्याच्या बायकोच्या हवाली केलं.

तरी विहीर नासलेलीच होती, आणि गाडी यायची होती. ज्याला आदल्या दिवशी गावाने पकडून दिलं, त्याच्याच दाराशी गाव सकाळी जाऊन उभं राहिलं, कारण धुडाला हात लावणारा दुसरा कोण? त्याने ऐकून घेतलं, आणि मला म्हणाला, "पानी भराया मी चालत न्हाई, उतराया चालतो तर." मला वाटलं, नाही म्हणेल, त्याचा हक्कच होता. त्याने विचारलं, गाडीत पोरंबाळं आहेत का? असणारच, मी म्हणालो. तो उठला. जन्मात जिची पायरी पाहिली नव्हती, त्या विहिरीत तो उतरला. धूड काढलं, मोटांनी पाणी उपसून टाकलं, मग त्याने तळाचा गाळही काढला. झरे मोकळे झाले, नवं पाणी भरू लागलं, आणि दवाखान्याच्या माणसाने त्यात लाल औषध टाकलं.

गाडी आली. दोन हजार नाहीत, दोनशेही नाहीत. पंधरावीस कुटुंबं उतरली, दमलेली, गप्प. ज्यांच्या भीतीने एवढं झालं ते हेच. बायका आधी पाण्याकडेच आल्या.

गाळ काढणारा तो तेव्हा विहिरीपासून दूर, उन्हात उभा होता, अंगभर चिखल वाळलेला. त्याला पाणी द्या, असं मी मोटेवरच्या माणसाला सांगितलं. त्याने दिलं, पण रीतीप्रमाणे. याने वाकून ओंजळ धरली आणि त्याने हातभर वरून धार सोडली.

ठाण्याची हद्द नकाशात काढलेली असते. माणसाच्या दयेला हद्द असते ती कुठेच काढलेली नसते. आबा दुष्ट नव्हता. त्याची दया मुंग्यांपर्यंत पोहोचत होती, कासवापर्यंत पोहोचत होती, गावकुसापाशी येऊन संपत होती. पुढे नोकरीभर कुणी मला एखाद्याच्या चांगुलपणाचा दाखला दिला, की मी मनात विचारायचो, याची हद्द कुठे संपते?

गाडीतून उतरलेली एक म्हातारी ती धार, ती ओंजळ आणि त्याच्या अंगावरचा चिखल बघत होती. रीत तिच्या मुलखातही हीच होती. आपला पितळी लोटा भरून घेऊन ती त्याच्याकडे चालत गेली.

"घे भाऊ, तू पे आधी," ती वऱ्हाडीत म्हणाली. "हे पाणी तूनंच तं काढलं."

त्याने मोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मग लोटा दोन्ही हातांनी घेऊन तोंडाला लावला.